ताटात पंखा, लोट्यात आपण: काच आणि धातूच्या वस्तूंचे फोटो कसे काढावेत

कोकम सरबताची बाटली, तांब्याचा लोटा किंवा चांदीचं निरांजन ऑनलाइन विकायला काढलं की पहिला फोटो बहुतेक असाच येतो: बाटलीच्या कडा पांढऱ्यात विरघळलेल्या, अंगावर ट्यूबलाइटची रेघ, आणि लोट्याच्या पोटात मोबाइल धरून उभे असलेले आपण. मग माणूस आणखी एक दिवा आणतो आणि फोटो आणखी बिघडतो. खाली दिलेली सगळी मांडणी जेवणाच्या टेबलावर होते, ट्रायपॉड आणि दिवे सोडले तर खर्च मुख्यतः कागदांचा आहे, आणि पहिल्या दिवशी एका वस्तूला दोन तास लागतील हे धरूनच चाला.

१. आधी दिवा बाजूला ठेवा

भिंतीवरच्या आरशावर टॉर्च मारून बघा. आरसा उजळत नाही, त्यात फक्त टॉर्च दिसतो. पॉलिश केलेलं स्टील म्हणजे वाकवलेला आरसा, त्यामुळे त्याच्यावर दिवा रोखला की दिव्याचाच फोटो मिळतो. काच बहुतेक प्रकाश आरपार सोडते, वाटेत वाकवते आणि थोडासा परतवते. म्हणजे काचेतही जे दिसतं ते आजूबाजूचंच.

म्हणून इथे दिव्याचं काम एवढंच, की कागद उजळायचा. वस्तूला तो कागद दिसतो आणि आपल्याला वस्तू दिसते. कुठला कागद कुठे उभा करायचा हे शाळेतल्या नियमानेच ठरतं: आपतन कोन आणि परावर्तन कोन समान. पांढरा हवा तिथे पांढरा कागद, रेघ हवी तिथे काळा. पुढचं सगळं याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

२. लागणारं सामान

- ट्रायपॉड. याला पर्याय नाही, कारण कॅमेरा हलला की सगळे कोन बदलतात.
- दोन एलईडी पॅनेल किंवा दोन फ्लॅश. पॅनेल घेताना सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ किंवा जास्त बघा. घरातले स्वस्त बल्ब पितळेचा रंग मारतात.
- ट्रेसिंग पेपरचा रोल. बटर पेपर चालतो, पण तो थोडा पिवळट असतो. दोन्ही एकाच फोटोत वापरू नका.
- पांढरे आणि काळे कार्डशीट, प्रत्येकी चार. काळा मॅटच हवा.
- काळं, न चमकणारं कापड, साधारण दीड मीटर.
- ३ मिमी जाडीची पांढरी आणि काळी ॲक्रिलिक शीट, दोन फूट बाय दोन फूट. दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात.
- एक छोटा, सपाट आरसा. पावडरच्या डबीतला असतो तेवढा पुरतो.
- बुलडॉग क्लिपा, मास्किंग टेप, तार. कार्ड उभं करायला घट्ट कणकेचा गोळाही चालतो.
- ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी फुगा), मायक्रोफायबरची दोन फडकी, सुती हातमोजे, आयसोप्रोपाइल अल्कोहोल.

विकत घेऊ नये अशी वस्तू म्हणजे लाइट टेंट, तो घडीचा पांढरा तंबू. त्यात सगळीकडून पांढरंच पांढरं परावर्तित होतं, स्टील ॲल्युमिनियमसारखं फिकट दिसतं, आणि लेन्ससाठीचं भोक वस्तूच्या बरोबर मध्यावर काळ्या डागासारखं उमटतं. कापडी पिशव्यांना ठीक आहे, भांड्यांना नाही.

हॅलोजन वापरत असाल तर कागद जवळ आणू नका, पेट घेतो. एलईडीला ही भानगड नाही.

३. पुसण्यात अर्धा वेळ जातो, जाऊ द्या

डोळ्यांना न दिसलेला बोटाचा ठसा फोटोत नकाशासारखा दिसतो. काच आधी साबणाने धुवा, मग डिस्टिल्ड वॉटरने विसळा. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे क्षार राहतात, ते व्हिनेगरने निघतात. शेवटचा हात अल्कोहोलचा. ते भराभर पेट घेतं, तेव्हा देवापुढचा दिवा दूर ठेवा. यानंतर वस्तूला फक्त हातमोज्यांनी शिवायचं.

तांबं-पितळ चिंच किंवा लिंबाने उजळलं की लगेच धुऊन पूर्ण कोरडं करा. आम्लाचा अंश राहिला तर तासाभरात डाग धरतात, म्हणून घासणं फोटोच्या दिवशीच. काथ्या किंवा तारेची घासणी वापरू नका, चरे कायमचे राहतात आणि बाजूच्या प्रकाशात एकूण एक चरा दिसतो.

काळवंडलेली चांदी: भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, त्यावर वस्तू फॉइलला टेकेल अशी ठेवा, खायचा सोडा टाकून गरम पाणी ओता. काळेपणा म्हणजे चांदीचं सल्फाइड. त्यातलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी न घासता उजळते. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना मात्र हे करू नका. नक्षीतला तो काळा रंग मुद्दाम दिलेला असतो, तोही निघून जाईल.

ॲक्रिलिकवरचा कागद अगदी शेवटी सोला. सोलताना त्यावर स्थिर विद्युत तयार होते आणि खोलीतली धूळ धावत येते. कोरड्या फडक्याने घासलंत तर आणखी येते. किंचित ओलसर फडकं फिरवा.

४. कॅमेरा आणि खोली

खोली पूर्ण अंधारी करा. पडदे लावा, ट्यूबलाइट बंद करा, पंखाही बंद, कारण कागद हलतात आणि वरून पंख्याचं पातं ताटात उतरतं. कपडे काळे किंवा करडे घाला. लाल कुर्ता घालून पितळेचा फोटो काढलात तर पितळ तांब्यासारखं दिसेल.

मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११. एफ/१६ च्या पुढे गेलात तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक नक्षी मऊ पडते. शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, जो येईल तो. एलईडीवर अर्धा सेकंद आला तरी ट्रायपॉड आहे, दोन सेकंदांचा टायमर लावा. साध्या एलईडी बल्बचा प्रकाश आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून १/५०, १/१०० किंवा त्याहून बराच सावकाश शटर ठेवा. १/२५० ला पट्टे येतात.

लेन्स शक्य तितकी लांब: फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ९० ते १०५ मिमी, लहान सेन्सरवर ५० ते ६०. लांबून फोटो काढला की भांड्यातलं कॅमेऱ्याचं प्रतिबिंब लहान होतं.

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगदुरुस्ती) ऑटोवर ठेवू नका. फ्रेम पितळेने भरली की कॅमेरा पिवळेपणा ही चूक समजून काढायला जातो आणि सोन्यासारखी समई राखाडी होते. दिवा लावून ग्रे कार्डवर (त्यासाठीच्या करड्या कार्डावर) बॅलन्स एकदा घ्या आणि कायम ठेवा.

मोबाइल असेल तर २ एक्स किंवा ३ एक्सची वेगळी लेन्स वापरा, वस्तूपासून मीटरभर लांब राहा, एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आणि फोकस दोन्ही लॉक करा. पोर्ट्रेट मोड बंद. त्याला काचेची कड कुठे संपते ते कळत नाही आणि तो ग्लासचा अर्धा काठ पुसून टाकतो.

५. काच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर

आधी बाटली ठेवा, फ्रेम ठरवा, कॅमेरा पक्का करा. दिवे त्यानंतर.

बाटलीच्या मागे ५०-६० सेंटिमीटरवर ट्रेसिंग पेपर ताणून लावा आणि त्याच्या मागून एक दिवा द्या. दिवा कागदाला चिकटवला तर मधे झोत दिसतो, फूट-दीड फूट मागे नेला तर प्रकाश सारखा पसरतो. पुढून एकही दिवा नाही.

आता महत्त्वाची पायरी, जी हमखास सुटते. कॅमेऱ्यातून बघत बघत त्या उजळ कागदाच्या चारही बाजूंनी काळी कार्डं आत सरकवा. उजळ भाग फ्रेमपेक्षा जेमतेम एक-दोन सेंटिमीटर मोठा उरला की थांबा. बाटलीची कड गोल असते, ती प्रकाश एवढा वाकवते की कडेतून फ्रेमच्या बाहेरचं दिसतं. बाहेर काळं असेल तर कडेला काळी, रेखीव रेघ येते. बाहेरही पांढरं असेल तर कड पांढऱ्यात मिसळते. बाटली विरघळते ती यामुळे, प्रकाश कमी पडल्यामुळे नव्हे.

रेघ अजून जाड हवी असेल तर बाटलीच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या अगदी बाहेर, एकेक काळं कार्ड उभं करा. आत-बाहेर करताना रेघ जाड-बारीक होताना दिसते.

एक्सपोजरसाठी स्पॉट मीटरने (एकाच ठिपक्याचा उजेड मोजणारं कॅमेऱ्यातलं सेटिंग) पार्श्वभूमी मोजा आणि त्यापेक्षा दोन स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), ती जवळजवळ पांढरी येते. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे संगणकावर लाल, हिरवा, निळा तिन्हींचे आकडे २५५, लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. शेवटचा तो थोडासा पांढरेपणा संगणकावर वाढवा. कॅमेऱ्यातच तीन-चार स्टॉप चढवलेत तर उजेड लेन्समध्ये सांडतो, काच दुधाळ होते आणि मेहनतीने आणलेली काळी रेघ करडी पडते.

६. काच, काळ्या पार्श्वभूमीवर

काजू फेणीसारखं पाण्याइतकं नितळ पेय, कोरीव काम केलेला पेला, अत्तराची कुपी यांना हीच पद्धत शोभते. मांडणी बरोबर उलटी. मागे मोठा उजळ कागद, किमान तीन फूट रुंद. त्याच्या पुढे, मधोमध, काळं कार्ड. ते फ्रेमपेक्षा जेमतेम मोठं. कॅमेऱ्याला फक्त काळं दिसतं, पण बाटलीच्या कडेला कार्डाच्या बाहेरचा उजेड दिसतो आणि कड रुपेरी रेघेने उमटते.

रेघ तुटक आली तर कार्ड फार मोठं आहे, सेंटिमीटर-सेंटिमीटरने कापा. वरची कड उजळली पण तळ बुडाला, तर टेबल आडवं येतंय. बाटली छोट्या ठोकळ्यावर उचला किंवा खाली काळं ॲक्रिलिक ठेवा. खाली साधी काच ठेवू नका, तिच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन पृष्ठांमुळे दोन प्रतिबिंबं पडतात. काळ्या ॲक्रिलिकमध्ये एकच पडतं.

ऑटो एक्सपोजर इथे सपशेल फसतं. काळ्याला ते करडं करू बघतं आणि रेघा जळतात, म्हणजे नुसत्या पांढऱ्याफटक होतात. रेघांवर लक्ष ठेवून एक्सपोजर द्या. धूळही इथे दसपट दिसते, दर दोन फोटोंनी ब्लोअर मारा.

७. बाटली भरलेली असेल तर

भरलेली गोल बाटली म्हणजे भिंग. मागचं दृश्य तिच्यात डावं-उजवं उलटं दिसतं. म्हणून रिकाम्या बाटलीवर जमवलेली मांडणी भरल्यावर मोडते, आणि म्हणून पहिल्यापासून भरलेलीच बाटली घ्या.

मध मागून आलेल्या प्रकाशात आपोआप उजळून निघतो, पाचव्या पायरीची मांडणी पुरते. कोकमाच्या दाट सरबताचं तसं नाही, ते काळं दिसतं. पाणी घालून पातळ केलं की सुंदर लाल येतं खरं, पण गिऱ्हाईकाच्या घरी जाणारी बाटली तशी नसते, तेव्हा तो मार्ग नको. त्याऐवजी मागे चंदेरी कार्ड लावा:

१. बाटलीची बाह्याकृती चंदेरी कार्डावर काढा आणि चारही बाजूंनी ५ मिमी आत कापा. टेट्रापॅकच्या खोक्याची आतली बाजू, धुऊन, चालते.
२. तारेने किंवा कणकेच्या गोळ्याने ते बाटलीच्या मागे ३-४ सेंटिमीटरवर उभं करा, माथा जरासा मागे झुकलेला.
३. दुसरा दिवा वरून, एका बाजूने, फक्त त्या कार्डावर पाडा. दिव्याला काळ्या कार्डाची नळी करून लावली की उजेड इकडेतिकडे जात नाही.
४. कॅमेऱ्यातून बघा. कार्डाची कड दिसत असेल तर आणखी कापा.

सोनेरी कार्डाने तेल आणि मध छान दिसतात, कोकमाला ते नारिंगी करतं.

मागून प्रकाश असला की लेबल अंधारात जातं. पुढून दिवा लावू नका, काचेवर त्याचा ठिपका येईल. तो पावडरच्या डबीतला आरसा बाटलीच्या पुढे, फ्रेमच्या खाली ठेवा आणि मागच्याच उजेडाचा कवडसा लेबलावर टाका. आरसा अंशभर हलवला की कवडसा बोटभर सरकतो, त्यामुळे तो फक्त लेबलावर नेमका बसवता येतो.

थंडगार बाटलीचे थेंब पाण्याचे केले तर पाच मिनिटांत ओघळतात. ग्लिसरीन आणि पाणी निम्मे-निम्मे, स्प्रेने. हे तासभर टिकतं. लेबलावर आधी कागद धरा.

८. ताट, तबक, आरसा: सपाट धातू

सपाट वस्तू कॅमेऱ्याला एकच जागा दाखवते. ती शोधायची सोपी युक्ती अशी. खोलीत अंधार करा, टॉर्च लेन्सला टेकवून धरा आणि ताटावर मारा. परतलेला उजेड भिंतीवर किंवा छतावर जिथे पडेल, तीच जागा ताटाला दिसते आहे. जिथे तो पडतो तिथेच पांढरा कागद टांगायचा, आणि पडलेल्या डागापेक्षा थोडा मोठा. प्रकाश उलट्या वाटेनेही त्याच रस्त्याने जातो, एवढाच त्यामागचा हिशोब.

कॅमेरा ताटाच्या बरोबर वर धरला तर ती जागा म्हणजे खुद्द कॅमेराच, म्हणून ४५ अंशांच्या आसपास तिरका ठेवा. सगळा कागद सारखाच पांढरा केलात तर ताट कागदाच्या चकतीसारखं दिसतं. दिवा कागदाच्या एका टोकाजवळ आणा, म्हणजे उजेड एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ होईल. ताटावर तीच छटा उतरते आणि तेव्हा ते धातूचं वाटतं.

९. डबा आणि लोटा: गोल धातू

स्टीलचा उभा डबा आजूबाजूचं सगळं उभ्या पट्ट्यांमध्ये दाखवतो. डाव्या-उजव्या बाजूंना ट्रेसिंग पेपरचे दोन पडदे उभे करा, साधारण दोन फूट बाय तीन फूट, आणि त्यांच्या मागे दिवे. दोन पडद्यांच्या मधल्या फटीतून कॅमेरा. फट डब्याच्या मध्यावर काळी पट्टी म्हणून दिसते, ती वाईट दिसत नाही. पण तिच्यात चांदीच्या रंगाचा ट्रायपॉड दिसतो. काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून फटीत टांगा, पट्टी स्वच्छ काळी होते. आपणही कापडाच्या मागेच थांबायचं.

पार्श्वभूमी पांढरी असेल तर डब्याच्या कडा काचेसारख्याच गायब होतात. दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या काळ्या पट्ट्या दोन्ही बाजूंना, डब्याच्या किंचित मागे, फ्रेमच्या जेमतेम बाहेर. कड परत येते.

लोटा, कलश, घंटी यांचं पोट फुगीर, त्यांना खोलीभरचं सगळं दिसतं: पडद्याची किनार, टेबलाची कड, छत. वरूनही ट्रेसिंग पेपर घाला. कॅमेऱ्याचा ठिपका मात्र पुरता जात नाही. लांब लेन्सने तो लहान करा आणि उरलेला संगणकावर पुसा, त्यासाठी दोन तास झगडण्यात अर्थ नाही.

१०. ठोक्यांचं तांबं

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत होतं तसं माठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी पाडलेले ओळीतले खळगे, हा वेगळा प्रकार. प्रत्येक खळगा एक चिमुकला अंतर्गोल आरसा आहे. नवव्या पायरीतले मोठे पडदे लावलेत तर सगळे खळगे पांढऱ्याने भरतात आणि महागडं हातकाम सपाट पत्र्यासारखं दिसतं. इथे उलट करा: पडदा काळ्या कार्डांनी झाकत झाकत उभी, १० ते १५ सेंटिमीटर रुंद पट्टी उरू द्या आणि ती बाजूने ठेवा. आता प्रत्येक खळग्यात त्या पट्टीचा एकेक ठिपका येतो आणि ठोक्यांच्या ओळी मोजता येतात.

११. पोलरायझरवर फार विसंबू नका

लेन्सवर लावायचा हा फिल्टर काचेवरची आणि लेबलाच्या प्लॅस्टिकवरची चमक कापतो, तीही ठरावीक कोनात: काचेच्या पृष्ठभागापासून सुमारे ३४ अंशांवर सर्वांत जास्त, समोरून जवळजवळ शून्य. उघड्या धातूवर साध्या दिव्याचं प्रतिबिंब तो काढू शकत नाही, कारण धातूवरून परतलेला प्रकाश तसा ध्रुवीकृत होत नाही, म्हणजे त्याची कंपनं एका दिशेत येत नाहीत. वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो. चांदीच्या दुकानासाठी पोलरायझर घ्या असं कोणी सुचवलं तर त्या पैशांत कार्डशीट घ्या.

१२. पेटलेली समई, आणि दोन फोटो एक करणं

ज्योत आणि पितळ एकाच एक्सपोजरमध्ये नीट येत नाहीत. ट्रायपॉड न हलवता आधी समई न पेटवता दिव्यांवर फोटो घ्या. मग वात लावा, दिवे बंद करा आणि फक्त ज्योतीसाठी एक फोटो, १/६० च्या आसपास सुरुवात करून. दोन्ही थर एकावर एक ठेवून वरच्याला स्क्रीन ब्लेंड द्या (फोटो एडिटरमधला, काळं गाळून उजळ तेवढं दाखवणारा पर्याय). वात लावताना समईला धक्का लागला तर पहिला फोटो परत काढावा लागेल, म्हणून वात आधीच तेलात भिजवून ठेवा आणि लांब काडी वापरा. कागदाचे पडदे त्या वेळी दूर.

हीच रीत बाटलीलाही लागू पडते: एक फोटो कडांसाठी, एक द्रवासाठी, एक लेबलासाठी.

काम झाल्यावर सामान लगेच उचलू नका. ट्रायपॉडचे पाय, बाटलीची जागा, कार्डांची टोकं, दिव्यांचे स्टँड यांच्याभोवती टेबलावर आणि जमिनीवर मास्किंग टेपच्या खुणा करा, त्यांवर अंतरं लिहा आणि वरून मोबाइलने मांडणीचा एक फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी त्याच आकाराची दुसरी बाटली आली की दोन तासांचं काम वीस मिनिटांत उरकतं.